सदुसष्ट घरांची संख्या

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. राजा प्रसन्न झाला आणि म्हणाला, माग. मागणाऱ्याने पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी दर घराला दुप्पट करीत चौसष्ट घरे भरून मागितली, आणि राज्यातली कोठारे रिकामी झाली तरी मागणी पुरी होईना. त्या दाण्यांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ इतकी भरते. दोनाला दोनाने गुणत चौसष्टाव्या घातापर्यंत जावे आणि त्यातून एक वजा करावा, की ही संख्या मिळते. गोष्ट येथेच संपते आणि श्रोते घरी जातात.

आज मी आपणास त्या पटाच्या तीन घरे पुढे नेणार आहे. चौसष्टऐवजी सदुसष्ट घरे भरली, तर बेरीज होते:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

ही एकवीस आकडी संख्या आहे. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एक, दश, शत, सहस्र असे करीत परार्धापर्यंत स्थाने सांगितली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. असे १४७५ परार्ध या एका संख्येत मावतात. परंतु केवळ आकाराने मोठी म्हणून तिची ओळख करून द्यावी असे नव्हे. मोठ्या संख्येला काय, शेवटी एक मिळवला की तीही लहानच. या संख्येला एक चरित्र आहे. तिच्याविषयी १६४४ मध्ये एका विद्वानाने एक विधान केले. ते २३२ वर्षांनी खोटे ठरले. आणि खोटे ठरल्यावरही आणखी २७ वर्षे त्या खोटेपणावर बोट ठेवून दाखवणे कोणालाच जमले नाही. एखादी गोष्ट खोटी आहे हे कळणे निराळे, आणि ती कोठे खोटी आहे हे चारचौघांना दाखवणे निराळे. या दोहोंमधले अंतर किती असू शकते, हे मला या संख्येने शिकवले.

मी गणिताचा पदवीधर नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे गणित मी कामगारांच्या पगारपत्रकांवर, भविष्यनिर्वाह निधीच्या हिशेबांवर आणि सार्वजनिक वाचनालयातल्या पुस्तकांवर शिकलो. म्हणून जे सांगणार आहे ते पाटी-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या कोणालाही पडताळता येईल अशाच भाषेत सांगतो.

प्रथम दोन शब्द नक्की करू. जिला एकाने व स्वतःनेच नि:शेष भाग जातो ती मूळसंख्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा या मूळसंख्या होत. जिला मधल्याही कोणी भागते ती संयुक्त संख्या. पंधरा ही तीन आणि पाच यांच्या गुणाकाराने झालेली संयुक्त संख्या. तीन व पाच हे तिचे अवयव. आता आपल्या पटाकडे पाहा. दोन घरे भरली तर बेरीज ३, तीन भरली तर ७, पाच भरली तर ३१, सात भरली तर १२७. या सर्व मूळसंख्या आहेत. पण चार घरांची बेरीज १५ आणि सहा घरांची ६३, या संयुक्त आहेत. असे का व्हावे?

कारण सोपे आहे. सहा घरांतील दाणे १, २, ४, ८, १६ आणि ३२. यांच्या दोनदोनच्या जोड्या करा. पहिली जोडी तीन, दुसरी बारा, तिसरी अठ्ठेचाळीस. प्रत्येक जोडी तिनाच्या पटीत आहे, म्हणून सगळी बेरीजही तिनाच्या पटीत येणारच. घरांचे सारखे गट पाडता आले, की पहिल्या गटाची बेरीज हा संपूर्ण बेरजेचा अवयव ठरतो. चौसष्ट घरांचे दोनदोनचे, चारचारचे, आठआठचे गट पडतात. म्हणून राजाला हतबल करणारी ती संख्या गणितज्ञापुढे मात्र मुकाट्याने उलगडते. ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७ या सात मूळसंख्यांचा गुणाकार केला की ती तयार.

सदुसष्ट घरांचे तसे नाही. सदुसष्ट ही स्वतःच मूळसंख्या. तिचे सारखे गट पडत नाहीत. हा सोपा दरवाजा बंद झाला. पण म्हणून बेरीज मूळसंख्याच असेल असेही नाही. अकरा घरांचे उदाहरण घ्या. अकराचेही गट पडत नाहीत, तरी अकरा घरांची बेरीज २०४७, आणि ती २३ गुणिले ८९ आहे. गट पडले तर संख्या संयुक्त, हे निश्चित. गट पडले नाहीत तर मात्र प्रत्येक संख्येची स्वतंत्र चौकशी करावी लागते.

अशा दुप्पट-वजा-एक संख्यांना आज मर्सेन संख्या म्हणतात. मारँ मर्सेन हा सतराव्या शतकातला फ्रान्समधला एक धर्मोपदेशक. युरोपातील विद्वानांशी त्याचा अखंड पत्रव्यवहार चाले. नियतकालिके नव्हती त्या काळात मर्सेनचे टपाल हेच शास्त्रज्ञांचे नियतकालिक होते. १६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने एक यादी दिली: २५७ पर्यंतचे घातांक घेतले तर २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांनाच मूळसंख्या मिळते, बाकीच्यांना नाही. यात आपली सदुसष्ट घरांची संख्या आहे. ती मूळसंख्या आहे, असे मर्सेनचे म्हणणे.

त्याने हे तपासले होते काय? तपासणे शक्यच नव्हते. पंधरा-वीस आकडी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सारा काळही पुरणार नाही, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. तरीही यादीला नाव चिकटले आणि नावामुळे यादी टिकली. १७७२ मध्ये ऑयलरने ३१ घरांची संख्या, म्हणजे २,१४,७४,८३,६४७, खरोखरच मूळ आहे हे सिद्ध केले, तेव्हा यादीवरचा विश्वास वाढला असल्यास नवल नाही. पुढे मात्र यादीत पाच चुका निघाल्या. ६१, ८९ आणि १०७ या घातांकांना मूळसंख्या मिळते, ती मर्सेनने वगळली होती. यांपैकी ६१ चा शोध १८८३ मध्ये पेर्वुशिन या रशियन धर्मोपदेशकाने लावला, तर ८९ आणि १०७ चा शोध १९११ व १९१४ मध्ये पॉवर्स या हौशी अमेरिकन गणितप्रेमीने. उलट ६७ आणि २५७ यांना मूळसंख्या मिळत नसताना त्या यादीत होत्या.

आता कोणी म्हणेल, एवढे काय अवघड आहे? लहान संख्यांनी एकेक भागून पाहावे. पाहू या. एखाद्या संख्येला अवयव असतील तर त्यांपैकी लहान अवयव तिच्या वर्गमुळाच्या आत सापडलाच पाहिजे. आपल्या संख्येचे वर्गमूळ १२१४ कोटींच्या पुढे जाते. तेवढे भागाकार कोण करणार? सुदैवाने फर्मा याने १६४० मध्ये एक मोठी चाळणी देऊन ठेवली होती. सदुसष्ट घरांच्या संख्येला जी मूळसंख्या भागेल, तिच्यातून एक वजा केला असता उरलेल्याला १३४ ने, म्हणजे सदुसष्टाच्या दुपटीने, भाग जातो. अकरा घरांवर पडताळून पाहा. अकराची दुप्पट बावीस. अवयव आले होते २३ आणि ८९. तेवीस म्हणजे बावीस एके बावीस अधिक एक, आणि एकोणनव्वद म्हणजे बावीस चोक अठ्ठ्याऐंशी अधिक एक. नियम चोख आहे.

या नियमाने १२१४ कोटींचे नऊ कोटी उरतात. पुढच्या गणितज्ञांनी दुसरी चाळणी दिली: अशा अवयवाला आठाने भागले तर बाकी एक किंवा सातच उरते. त्यामुळे नऊ कोटींचेही साडेचार कोटी होतात. आता एकवीस आकडी संख्येला नऊ-दहा आकडी भाजकाने हातांनी भागायला पाच मिनिटे धरा. आठ तासांच्या पाळीत ९६ भागाकार. वर्षाचे तीनशे दिवस राबले तर २८,८००. साडेचार कोटी उरकायला दीड हजाराहून अधिक वर्षे लागतील. चाळण्या लावल्यानंतरचा हा हिशेब आहे!

येथे १८७६ मध्ये एदुआर ल्युका हा फ्रेंच गणितज्ञ पुढे आला. संख्येचे अवयव न शोधताच ती मूळ आहे की संयुक्त हे सांगणारी कसोटी त्याने शोधली. पुढे लेमर याने तिला सुटसुटीत रूप दिले, तेच आज शिकवले जाते. ती का चालते याची उपपत्ती लांब आहे, पण कशी चालते हे पाच मिनिटांत कळते. चार या अंकापासून आरंभ करावा. त्याचा वर्ग करून दोन वजा करावेत. उत्तराला आपल्या संख्येने भागून बाकी घ्यावी. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा बाकी. जितकी घरे त्यांहून दोन कमी वेळा हे करावे. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. न आली तर संयुक्त.

पाच घरांची संख्या ३१ घ्या. तीन वेळा करायचे. चाराचा वर्ग सोळा, वजा दोन, चौदा. चौदाचा वर्ग १९६, वजा दोन, १९४. एकतीसने भागून बाकी ८. आठाचा वर्ग ६४, वजा दोन, ६२, बाकी शून्य. एकतीस मूळसंख्या आहे. अकरा घरांच्या २०४७ ला हेच नऊ वेळा केले तर बाकी १७३६ उरते; म्हणून ती संयुक्त. लक्षात घ्या, या कसोटीत तेवीस आले नाहीत की एकोणनव्वद आले नाहीत. अवयव आहेत एवढे कळले. कोणते, ते कळले नाही.

सदुसष्ट घरांच्या संख्येचे ल्युकाने हेच केले. ती संयुक्त आहे असा त्याचा निकाल आला. मर्सेनचे विधान कोसळले. पण अवयव कोणते, हे कोणालाच सांगता येईना.

माझ्या धंद्यात असा प्रसंग नित्य येतो. बोनसच्या वाटाघाटीत मालकाकडून ताळेबंद पुढे येतो आणि नफा नाही असे सांगितले जाते. जाणकार हिशेबनीस ताळेबंद चाळून म्हणतो, हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, यात गफलत आहे. त्याचे म्हणणे खरे असते. परंतु दारावर थांबलेल्या हजार माणसांना तेवढ्याने समाधान होत नाही. ती विचारतात, गफलत कोणत्या ओळीत आहे ते दाखवा. मालकाच्या शब्दावर ठेवायचा तो विश्वास आता हिशेबनिसाच्या शब्दावर ठेवा, एवढाच काय तो फरक झाला. ओळ दाखवली, की विश्वासाचा प्रश्नच उरत नाही. ज्याला बेरीज येते तो प्रत्येक जण न्यायाधीश होतो. ल्युकाचा निकाल बरोबर होता; पण तो पडताळायला दुसरा ल्युकाच हवा होता.

ती ओळ दाखवली फ्रँक नेल्सन कोल यांनी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते प्राध्यापक होते आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे चिटणीस. ऑक्टोबर १९०३ मध्ये सोसायटीच्या न्यूयॉर्क येथील सभेत त्यांचा निबंध होता. त्या सभेची हकिकत एरिक टेंपल बेल यांनी १९५१ च्या आपल्या पुस्तकात सांगितली आहे. कोल फळ्यापाशी गेले, एक शब्दही न बोलता दोनाचा सदुसष्टावा घात काढला आणि त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या कोऱ्या भागाकडे वळले आणि दोन संख्या एकीखाली एक लिहिल्या: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. त्यांचा गुणाकार हातांनी केला. दोन्ही उत्तरे अक्षरशः जुळली. कोल तसेच न बोलता जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. शोधाला किती काळ लागला असे बेल यांनी १९११ मध्ये विचारले, तेव्हा तीन वर्षांचे रविवार, असे कोल यांनी सांगितले.

या हकिकतीत थोडी रंगत चढलेली असणे शक्य आहे. आठवणींचे तसेच असते. पण गुणाकारात रंगत चढत नाही. तो तुमच्यापुढे आहे. घरी गेल्यावर करून पाहा. नववीतला मुलगा अर्ध्या तासात करील. तेवढाही वेळ नसेल तर आपल्या आजोबांच्या वेळचा नवाचा ताळा घ्या. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३७, तिची १०, तिची १. दुसरीची ६४, तिची १०, तिची १. एक एके एक. आता एकवीस आकडी संख्येचे अंक मिळवा: १०९, मग १०, मग १. ताळा जुळला. ताळा जुळला म्हणजे गुणाकार बरोबरच असे नव्हे, अंकांची अदलाबदल ताळ्याला कळत नाही. पण ताळा न जुळता तर कोल यांनाही खाली बसवता आले असते. तेही एखाद्या गिरणीतल्या कारकुनाला.

आणि आता त्या रविवारांचा हिशेब करू. फर्माच्या नियमाने शक्य असलेल्या संख्या ओळीने मांडल्या, तर कोल यांचा लहान अवयव १४,४५,५८० व्या जागी बसतो. आठाच्या चाळणीने यांतल्या निम्म्या गाळल्या तरी सात लाखांवर भागाकार उरतात. रोजच्या पाळीने पंचवीस वर्षांचे काम. तीन वर्षांचे रविवार म्हणजे सुमारे १५६ दिवस. त्यांत फार तर पंधरा हजार भागाकार होतील. तेव्हा नुसते भागाकार करीत बसून हे झालेले नाही. संख्येच्या वर्गशेषांचा अभ्यास करून, न संभवणारे भाजक घोळक्याघोळक्याने बाद करीत कोल त्या जागी पोचले. कष्ट होतेच, पण कष्टाला दिशा होती.

रविवारविषयी माझ्यासारख्याने दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. कोल यांना रविवार मिळत होता म्हणून हा शोध लागला. आपल्या मुंबईच्या गिरणी कामगारांना तो फुकट मिळालेला नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली, तेव्हा १८९० मध्ये ती गिरणीमालकांना मान्य करावी लागली. सुटी म्हणजे केवळ थकल्या अंगाला विसावा नव्हे. डोके स्वतःच्या मालकीचे असते असा तो आठवड्यातला दिवस आहे. पॉवर्स काय, पेर्वुशिन काय, पोटापाण्याचा उद्योग सांभाळून उरलेल्या वेळात संख्यांमागे लागलेली माणसे होती. आपल्या देवळालीचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे शाळामास्तरही त्याच जातीचे. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ६१७४ ही संख्या आज जगभरच्या गणितप्रेमींना ठाऊक आहे.

आता विचाराल, गणकयंत्रांच्या काळात या जुन्या गोष्टीचे काय? कोल यांचे तीन वर्षांचे काम आज घरातला संगणक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करतो, हे खरे. पण शोधणे आणि पडताळणे यांतले अंतर मिटलेले नाही. ते फक्त मोठ्या संख्यांकडे सरकले आहे. दोन मोठ्या मूळसंख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या दोन ओळखणे दुष्कर, या एका गोष्टीवर रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये गुप्त संदेशांचे कुलूप बनवले. आपण मोबाइलवरून बँकेशी बोलतो तेव्हा वापरात असणाऱ्या कुलपांत या जातीची कुलपे फार प्रचलित आहेत. त्यांनी आव्हान म्हणून दिलेली १२९ आकडी संख्या १९९४ मध्ये फुटली, तीही एका माणसाकडून नव्हे; सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापली यंत्रे कामाला जुंपून ती फोडली. आम्हा संघटनेच्या माणसांना हे वाचून आनंद झाला, हे सांगायला नकोच.

ल्युकाच्या बाजूनेही पाऊल पुढे पडले. २००२ मध्ये कानपूरच्या आय.आय.टी.तील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे वेगाने आणि नि:संशय ठरवणारी रीत सिद्ध केली. तरीही अवयव शोधण्याची तशी वेगवान रीत आजच्या नेहमीच्या यंत्रांसाठी कोणाला सापडलेली नाही. खोटे आहे हे लवकर कळते. कोठे आहे, ते अजूनही उशिराच कळते.

याचा धडधडीत दाखला देऊन संपवतो. पटाला १२७७ घरे आहेत असे समजा. त्यांची बेरीज ३८५ आकडी होते. ती संयुक्त आहे हे ल्युकाच्या कसोटीने निर्विवाद ठरलेले आहे. परंतु २०२४ पर्यंत, जगातली सारी यंत्रे हाताशी असताना, तिचा एकही अवयव कोणाच्या हाती लागला नव्हता. १८७६ आणि १९०३ यांच्या मध्ये सदुसष्ट घरांची संख्या जेथे उभी होती, तेथे ही संख्या उभी आहे.

श्रोतेहो, मोठ्या नावाच्या माणसाने सांगितले म्हणून मर्सेनची यादी दोन शतके चालली, आणि न बोलणाऱ्या माणसाच्या गुणाकाराने तिच्यातली सदुसष्टाची चूक सर्वांपुढे उघडी पडली. तेव्हा कोणी मोठा आकडा तुमच्या तोंडावर फेकला, तो सरकारचा असो, मालकाचा असो, की आमच्या संघटनेचा असो, तर दबून जाऊ नका आणि उगाच खोटेही म्हणू नका. त्याचे अवयव मागा. मिळाले की कागद घ्या आणि गुणाकार स्वतः करून पाहा.